या चुका टाळा : पात्र रडतं, प्रेक्षक कोरडाच राहतो

पहिल्या दहा पानांत नायक तीनदा रडला, की त्या पटकथेचं पुढे काय होणार ते बहुतेक वेळा ठरलेलं असतं. सेटवर ग्लिसरीन येतं, एडिटला सारंगी वाढवली जाते आणि ऐन शेवटाला लोक मोबाइल काढून वेळ बघतात. मग नटाला दोष दिला जातो. खरी खोट कागदावर असते. या माणसाला काय हवं होतं, त्यासाठी त्यानं काय केलं आणि त्यात त्याचं काय गेलं, हे प्रेक्षकाला कुणी दाखवलेलंच नसतं.

दुःख आहे, निर्णय नाही

ही चूक सगळ्यात जास्त दिसते, आणि सगळ्यात जास्त दिसते ती कर्जबाजारी शेतकऱ्यावरच्या शॉर्ट फिल्ममध्ये. भेगाळलेली जमीन, आभाळाकडे बघणारा बाप, कोपऱ्यात खोकणारी आई, दारात सावकार, शेवटी दोर. वीस मिनिटं नायक नुसता सोसतो. एवढा मोठा विषय आणि हाती काहीच लागत नाही, याचं वाईट वाटतं.

आधी त्या भेगांचं बघू. विदर्भातली काळी जमीन दर उन्हाळ्यात भेगाळते, पाऊस चांगला झालेल्या वर्षानंतरही. ही माती ओलीनं फुगते आणि वाळली की आकसते. मे महिन्यातल्या भेगा दाखवून दुष्काळ सिद्ध होत नाही. यवतमाळचा प्रेक्षक हे पहिल्याच शॉटला ओळखतो आणि पुढे त्या नायकाच्या कुठल्याच गोष्टीवर त्याचा विश्वास बसत नाही.

मग नाट्य कुठे आहे? ते जूनमध्ये आहे. पहिल्या पावसावर कपाशी लावली, पुढे पावसानं दोन-तीन आठवडे दडी मारली, कोंब करपले. आता दुबार पेरणी. बियाण्याला पुन्हा पैसे हवेत आणि कृषी केंद्रात आधीचीच उधारी थकलेली. नायकासमोर तीन वाटा: बायकोची पोत गहाण टाकायची, पोरीच्या कॉलेजची फी बियाण्यात घालायची, नाहीतर अर्धं वावर पडीक ठेवायचं. समजा त्यानं फी वापरली आणि पोरीला सांगितलं की प्रवेशाची तारीख पुढे गेलीय. एक खोटं बोलला आणि माणूस उभा राहिला. आता पोरगी कॉलेजचं नाव काढेल तेव्हा प्रेक्षकाच्या पोटात गोळा येईल, सारंगी असो वा नसो.

पहिली वेचणी येते दसरा-दिवाळीच्या सुमारास. हाती पैसा नाही म्हणून तो खेडा खरेदीला आलेल्या व्यापाऱ्याला पडत्या भावात कापूस देऊन मोकळा होतो. शेजारी मात्र भाव चढायची वाट बघत खोलीभर कापूस भरून ठेवतो. घरातल्या सगळ्यांच्या अंगाला खाज सुटते तरी विकत नाही. गाव एक, पीक एक, दोघांचे स्वभाव मात्र त्या ढिगावरून कळतात. यात कुणाला रडावं लागलेलं नाही.

माझी सवय अशी: नायकाचा महिन्याचा हिशेब एका कागदावर लिहायचा. आवक किती, उधारी कुणाची, परत कधी करायची, सगळं रुपयांत. मग प्रत्येक प्रसंगाच्या समासात एक ओळ: ‘इथे त्यानं काय ठरवलं?’ उत्तर सुचत नसेल तर प्रसंग काढायचा. वीस मिनिटांच्या फिल्मला तीन निर्णय पुरतात, पण तिसरा निर्णय पहिल्यामुळेच घ्यावा लागलेला हवा.

नवशिक्यांना याचा कंटाळा येतो. त्यांना चाळीस प्रश्नांचा तयार फॉर्म हवा असतो: आवडता रंग, रास, लहानपणीची आठवण. तो एका दुपारी भरून होतो आणि काम झाल्याचं समाधान देतो. त्यातलं एकही उत्तर पडद्यावर येत नाही. हिशेबाला आठवडा लागतो, कारण त्यासाठी कृषी केंद्राच्या बाकावर जाऊन बसावं लागतं.

दुसऱ्या बाजूच्या माणसाला घर नसणं

खलनायक, साहेब, वकील ही माणसं फक्त नायकाला अडवण्यापुरती येतात. त्यामुळे नायकाची लढाईही लुटुपुटूची वाटते. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) या एका गोष्टीसाठी पुन्हा बघावा. आरोपीच्या विरोधात युक्तिवाद करणारी सरकारी वकील लोकलनं घरी निघते, वाटेत मुलाला पाळणाघरातून घेते, घरी येऊन स्वयंपाकाला लागते. ती दुष्ट नाही, हे कळल्यावर तिचे कोर्टातले कोरडे शब्द जास्त बोचतात. तुमच्या पटकथेतल्या विरोधकालाही नायकाशी संबंध नसलेला एक प्रसंग द्या. दोन मिनिटं पुरे.

मालिकेतल्या पात्राला कालचं आठवत नाही

मालिकेत कथाविस्तार, पटकथा आणि संवाद लिहिणारी माणसं अनेकदा वेगवेगळी असतात. एपिसोडची बँक, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेले भाग, संपली की सकाळी लिहिलेलं दुपारी शूट होतं. मग सोमवारी सासूचं गुपित कळलेली सून गुरुवारी तेच ऐकून नव्यानं हादरते. यावर एकच इलाज मला माहीत आहे: एक वही, तीन रकाने. कुणाला, काय, कितव्या भागात कळलं. संवाद लिहिणाऱ्यानं ती उघडल्याशिवाय पहिली ओळ लिहू नये. टीआरपी पडला म्हणून रातोरात स्वभाव बदलायचाच असेल, तर त्या बदलाचं कारण ठरेल असा एक तरी प्रसंग आधी लिहा.

आता थोडक्यात.

संवादातून नातं सांगू नका. ‘तू माझ्या सख्ख्या भावाचा मुलगा आहेस’ असं घरात कुणी बोलत नाही. ‘काकाचं ऐकायचं नसेल तर काकाच्या घरचा चहा कशाला पितोस?’ यात नातंही आलं आणि रागही.

‘मला’चं ‘मले’ केलं म्हणजे वऱ्हाडी होत नाही आणि ‘माका’ केलं म्हणजे मालवणी. संवाद त्या गावच्या माणसाकडून मोठ्यानं वाचून घ्या. तो जिथे अडखळेल तिथे ओळ बदला.

कारकुनाच्या घरात तीन सोफे ठेवू नका.

धक्का बसला म्हणून तोच चेहरा तीनदा दाखवू नका. एकदा दाखवा आणि ज्यानं धक्का दिला त्याच्याकडे वळा.

आणि हात. पीठ मळायला पाणी गरम लागतं, भाकरी तव्यावर टाकली की वरून पाणी फिरवायचं, ते सुकत आलं की उलटायची. नटीचा हात इथे चाचरला तर संवाद कितीही चांगला असो, लक्ष हाताकडेच जातं. शूटिंगच्या आठवडाभर आधीपासून तिला रोज चार भाकऱ्या थापू द्या, आणि चौथ्या दिवसापासून थापता थापता संवाद म्हणायला सांगा.