आबिस्को ते निक्कालुओक्ता: उत्तर स्वीडनमधील वासंतिक स्की-भटकंतीची आखणी

स्वीडनच्या उत्तर टोकाला, ध्रुववृत्ताच्याही सुमारे २०० किलोमीटर वर, तोर्नेत्रेस्क या लांबलचक तळ्याच्या काठी आबिस्को वसले आहे. येथून हेमावानपर्यंत जाणारी कुंग्सलेडेन ही सुमारे ४४० किलोमीटरची डोंगरवाट स्वीडनमध्ये सर्वांत प्रसिद्ध आहे. तिच्या उत्तरेकडील टप्प्याने सिंगी या मुक्कामापर्यंत जाऊन, तेथून पूर्वेला वळून केब्नेकाइसे या स्वीडनमधील सर्वांत उंच डोंगराच्या पायथ्यावरून निक्कालुओक्ता हे गाव गाठायचे, हा सुमारे १०५ किलोमीटरचा मार्ग स्कीवरून पार करण्याविषयी हे मार्गदर्शन आहे. येथे चढउतार बेताचे असून दर १२ ते २० किलोमीटरवर मुक्कामाची झोपडी मिळते. त्यामुळे हा प्रवास ताकदवान माणसापेक्षा सावध माणसाला अधिक साधतो, आणि त्याची सारी आखणी अंतराभोवती न करता वाऱ्याभोवती करावी, असे माझे ठाम मत आहे.

मार्चचा उत्तरार्ध ते एप्रिलचा तिसरा आठवडा हा सर्वांत योग्य काळ होय. एप्रिलच्या मध्यावर येथे सुमारे १६ तासांचा दिवस मिळतो आणि महिनाअखेरीस तो १८ तासांवर जातो. संध्याकाळी जेवण उरकल्यावरही बाहेर लख्ख उजेड असतो. मात्र या उजेडावरून ऋतूचा अंदाज बांधू नये. दुपारी तापमान शून्याच्या आसपास असले, तरी रात्री ते उणे १० ते १५ अंशांपर्यंत सहज उतरते, तळी घट्ट गोठलेली असतात आणि हिमवादळ कोणत्याही दिवशी येऊ शकते. एप्रिल संपता संपता दुपारचा बर्फ भिजून जड होतो, तळ्यांवर पाणी साचू लागते आणि ओढे उघडे पडू लागतात, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने त्या आठवड्याच्या मोहात पडू नये. ईस्टरच्या सुट्टीत स्वीडिश कुटुंबे मोठ्या संख्येने डोंगरात येतात. त्या दिवसांत जायचे असल्यास जागा बऱ्याच आधी राखून ठेवावी. उत्तर प्रकाशाची, म्हणजे रात्रीच्या आकाशातील ऑरोराची, आशा धरून एप्रिलचा मध्य निवडण्यात अर्थ नाही, कारण तोवर रात्र पुरेशी काळोखी राहत नाही.

भारतातून जाणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतो. त्यासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो. व्हिसापुरता घेतलेला साधा विमा डोंगरातील स्कीइंग आणि तेथून होणारी सुटका यांचा खर्च देतोच असे नाही, म्हणून पॉलिसीतील अपवादांची यादी शब्दशः वाचावी. स्टॉकहोमहून नार्विककडे जाणारी रात्रीची रेल्वे थेट आबिस्कोला थांबते. तिच्या प्रवासाचा शेवटचा भाग १९०३ साली उद्घाटन झालेल्या, लोहखनिज वाहून नेणाऱ्या मार्गावरून होतो. विमानाने किरुनापर्यंत येऊन पुढे रेल्वेने किंवा बसनेही आबिस्कोला पोहोचता येते.

सह्याद्रीत वर्षानुवर्षे भटकलेल्या माणसाकडे दम आणि पाय असतात, पण स्की ही निराळी विद्या आहे. गुलमर्ग किंवा औली येथे शिकवले जाते ते मुख्यतः उतारावरचे स्कीइंग. येथे मात्र टाच मोकळी ठेवून, सपाट आणि हलक्या चढाच्या वाटेवर तासन् तास सरकत राहायचे असते. म्हणून मूळ मार्गाला निघण्यापूर्वी आबिस्कोत किमान दोन दिवस राहून सराव करावा. पाठीवर पूर्ण वजनाची सॅक घेऊन चालणे, उतारावर वेग आवरणे आणि पडल्यावर सॅकसह उठणे या तीन गोष्टी सहज जमेपर्यंत पुढे जाऊ नये. उतारावर सफाईने वळता येत नसेल तर स्की काढून पायी उतरण्यात काहीही कमीपणा नाही.

स्की निवडताना लोखंडी कडा असलेली डोंगरी स्की घ्यावी. तळाला खवल्यांची नक्षी असलेली स्की नवख्याला बरी पडते, कारण तिला दर दोन तासांनी वॅक्स, म्हणजे तळाला लावायचे मेण, बदलण्याची गरज नसते. वॅक्सची स्की अधिक छान सरकते, पण एप्रिलमध्ये सकाळचा कोरडा बर्फ दुपारी ओला होतो आणि योग्य वॅक्स ओळखणे अनुभवी माणसालाही अवघड जाते. दोन्ही प्रकारांत चढासाठी तळाला चिकटवायच्या कातडी पट्ट्या, म्हणजे स्किन्स, सोबत असाव्यात. बूट घोट्याच्या वरपर्यंत येणारे आणि जाड लोकरी मोजे घालूनही बोटे हलवता येतील इतके ऐसपैस हवेत. हे सारे साहित्य आबिस्कोच्या पर्यटन केंद्रात भाड्याने मिळते, परंतु बूट तरी स्वतःचे आणि वापरून मुरलेले असावेत, कारण पहिल्या दिवशी आलेला फोड पुढचे सहा दिवस सोबत करतो.

कपड्यांचे तत्त्व असे की चालताना किंचित थंडी वाजली पाहिजे. घाम येऊ दिला तर थांबल्याबरोबर तोच घाम अंगावर गोठू लागतो, आणि दमट हवेत घामाची सवय झालेल्या आपल्या मंडळींकडून नेमकी हीच चूक होते. अंगालगत लोकरीचा पातळ थर, त्यावर वारा अडवणारा टोपीचा अंगरखा आणि सॅकच्या सर्वांत वरच्या कप्प्यात पिसांचे जाड जाकीट, अशी रचना ठेवावी. थांबलो की प्रथम जाकीट चढवावे आणि मग थर्मास उघडावा. सुती कपडा एकही नसावा. हातमोज्यांचे दोन जोड आणि त्यांवर घालायचे वाराबंद मोठे हातमोजे घ्यावेत, कारण वाऱ्यात उडून गेलेला हातमोजा परत मिळत नाही. उणे १० अंशांत सेकंदाला १० मीटर वेगाचा वारा सुटला, तर उघड्या कातडीला ते सुमारे उणे २० अंश जाणवतात. दुसऱ्या टोकाला ऊन आहे: बर्फावरून परावर्तित होणारे अतिनील किरण नाकपुड्यांच्या आतल्या बाजूलाही भाजतात आणि गॉगल नसेल तर काही तासांत डोळे इतके सुजतात की दुसऱ्या दिवशी उघडत नाहीत. गडद चष्मा आणि वादळासाठी स्की-गॉगल हे दोन्ही न्यावेत.

दलात मिळून एक फावडे, एक वारापिशवी, नकाशा, होकायंत्र आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र असलेच पाहिजे, कारण बहुतेक वाटेवर मोबाईलला रेंज नसते. वारापिशवी म्हणजे दोन-तीन माणसांना आत बसता येईल असे वाराबंद कापडाचे मोठे आवरण. ती उघडायची कशी हे घरीच शिकावे. वादळात गोठलेल्या बोटांनी पहिल्यांदा शिकता येत नाही. फेब्रुवारी १९७८ मध्ये स्वीडनच्या मध्य भागातील आनारिस डोंगरात स्कीवर निघालेले नऊ जण वादळात सापडले आणि त्यांतील आठ जण मरण पावले. अशा वादळातून वाचायचे तर आसरा घ्यायचा निर्णय अंगात शक्ती असतानाच घ्यावा लागतो. बर्फात खड्डा खणून, पाठीखाली चटई टाकून, पिशवीत शिरून बसायचे ठरवले, तर ते दमण्याआधी ठरवावे.

आता वाट. आबिस्को ते आबिस्कोयाउरे हा १५ किलोमीटरचा पहिला टप्पा राष्ट्रीय उद्यानातील बर्चच्या झाडीतून जातो आणि सोपा आहे. पुढचा आलेसयाउरेपर्यंतचा सुमारे २० किलोमीटरचा दिवस मोठा असतो. झाडी संपते आणि उघडी तळी सुरू होतात, म्हणून या दिवशी लवकर निघावे. आलेसयाउरे ते शेक्त्या १३ किलोमीटर आहेत. त्यानंतर शेक्त्या खिंड येते. ११४० मीटरवरची ही खिंड कुंग्सलेडेनवरील सर्वांत उंच जागा आहे. उत्तरेकडून तिचा चढ सौम्य, पण दक्षिणेकडचा उतार तीव्र आहे, आणि मुख्यतः याच कारणासाठी मी नवख्यांना उत्तरेकडून दक्षिणेकडे जाण्याचा सल्ला देतो: सॅक घेऊन तो उतार चढण्यापेक्षा स्की काढून सावकाश उतरणे पुष्कळ बरे. खिंडीजवळ आसऱ्याची छोटी खोली आहे, तेथे थांबून दक्षिणेकडचे आभाळ पाहावे आणि मगच उतरावे. शेक्त्या ते सेल्का आणि सेल्का ते सिंगी हे प्रत्येकी १२ किलोमीटरचे टप्पे रुंद दरीतून जातात आणि स्वच्छ हवेत येथे स्की आपोआप पळते. सिंगीहून केब्नेकाइसेच्या डोंगरी केंद्रापर्यंत १४ किलोमीटर आणि तेथून निक्कालुओक्ता १९ किलोमीटर.

हिवाळी वाट खांबांवरच्या लाल फुल्यांनी दाखवलेली असते. ती उन्हाळी पायवाटेपासून बऱ्याच ठिकाणी वेगळी आहे आणि गोठलेल्या तळ्यांवरून सरळ जाते, म्हणून उन्हाळी वाटेची नोंद केलेल्या मोबाईल नकाशावर विसंबू नये. ओढा तळ्याला जेथे मिळतो किंवा तळ्यातून बाहेर पडतो, तेथे बर्फ पातळ असतो. अशा जागी खांबांची रांग सोडून जवळची वाट शोधणे धोक्याचे आहे. हिमस्खलनाचा अंदाज स्वीडनचे पर्यावरण संरक्षण खाते आबिस्को आणि केब्नेकाइसे या दोन्ही परिसरांसाठी हिवाळाभर प्रसिद्ध करते आणि तो १ ते ५ या पातळ्यांत दिलेला असतो. या मार्गाचा बराचसा भाग रुंद दऱ्यांतून जात असला, तरी खिंडीचा दक्षिण उतार आणि सिंगीपुढची अरुंद होत जाणारी दरी यांविषयी झोपडीच्या व्यवस्थापकाला विचारल्याशिवाय निघू नये. ३० अंशांहून तीव्र उताराखाली विश्रांतीला बसू नये, मग तेथे ऊन कितीही छान असो.

या झोपड्या स्वीडिश पर्यटन संघटना चालवते. १८८५ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे सदस्यत्व घेतल्यास मुक्कामाचा दर कमी होतो. झोपड्यांत वीज आणि नळ नसतात. गॅसची शेगडी, भांडी, बंक, उशी आणि पांघरूण मिळते. चादर स्वतःची न्यावी लागते, आणि वाटेत अडकल्यास उपयोगी पडावी म्हणून उबदार स्लीपिंग बॅगही मी आवश्यक मानतो. कामे पाहुण्यांनीच करायची असतात. पाणी आणायचे म्हणजे दोन बादल्या घेऊन तळ्यातल्या भोकापर्यंत जायचे, वर धरलेला बर्फाचा थर जड पहारीने फोडायचा, तुकडे बाजूला सारायचे आणि ओगराळ्याने बादली भरायची. परतताना पाणी पायावर सांडले तर बूट गोठतात, म्हणून बादली काठोकाठ भरत नाहीत. वापरलेले पाणी ठरलेल्या जागीच ओतावे आणि निघताना पुढच्या मंडळींसाठी फोडलेली लाकडे ठेवून जावे. आबिस्कोयाउरे, आलेसयाउरे आणि सेल्का येथे लाकडावर तापणारा सौना, म्हणजे घाम काढण्याची गरम खोली, आणि छोटे दुकान आहे. शेक्त्या आणि सिंगी येथे यांची अपेक्षा ठेवू नये.

दुकानांत पास्ता, डबाबंद पदार्थ आणि बिस्किटे मिळतात, पण शाकाहारी माणसाने मुख्य शिधा सोबत नेलेला बरा. भाजलेल्या रव्याचा तयार उपमा, पोहे, मेतकूट, भाजणी, शेंगदाण्याची चिक्की आणि सुकामेवा उत्तम टिकतात आणि वजनाला हलके असतात. मात्र युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणण्यास मनाई आहे, त्यामुळे तूप, दूध पावडर किंवा पेढे घरून नेऊ नयेत. लोणी आणि चीज स्टॉकहोममध्ये किंवा किरुनात घ्यावे. थंडीत भूक दुपटीने लागते आणि तहान मात्र जाणवत नाही, म्हणून एक लिटरचा थर्मास गरम पाण्याने भरून घेऊन तो दुपारपर्यंत संपवावाच.

हा सारा मुलूख सामी या येथील मूळ रहिवासी लोकांच्या रेनडियर-पालनाचा आहे. एप्रिलमध्ये गाभण माद्या कळपाने विण्याच्या जागांकडे सरकत असतात, आणि तेव्हा त्यांना पळायला लावणे म्हणजे त्यांची उरलेली शक्ती खर्च करणे होय. कळप दिसला की थांबावे, खाली बसावे आणि तो दूर जाईपर्यंत वाट पाहावी. छायाचित्रासाठी जवळ जाऊ नये.

सात टप्प्यांसाठी नऊ दिवस हाती ठेवावेत. दोन मोकळे दिवस ही चैन नव्हे. ते नसले की माणूस परतीच्या तिकिटाकडे पाहून वादळात निघतो. झोपडीत संध्याकाळी लावलेला हवेचा अंदाज वाचावा, खिंडीवर जोराचा वारा सांगितला असेल तर एक दिवस थांबावे, आणि वाटेत हवा बिघडली तर पुढच्या झोपडीपेक्षा मागची जवळ आहे का, हे आधी पाहावे. वेळीच मागे फिरण्यात लाज नाही, असा नियमच नॉर्वेच्या डोंगर-नियमावलीत आहे. अपघात झाल्यास ११२ हा क्रमांक लावावा. स्वीडनमध्ये डोंगरातील सुटकेची जबाबदारी पोलिसांची असते. निक्कालुओक्ताहून किरुनाला बस जाते, परंतु तिच्या फेऱ्या मोजक्या असतात. म्हणून केब्नेकाइसेहून त्या दिवशी सकाळी लवकर निघावे आणि किरुनाहून पुढचे विमान किंवा रेल्वे त्याच रात्रीची न घेता दुसऱ्या दिवशीची घ्यावी.