फीडरवरून पक्ष्यांमध्ये आजार पसरतात, या चुका टाळा

मोकळ्या रानात दाणे टिपणारा थवा सतत जागा बदलतो, त्यामुळे त्याची विष्ठा एका ठिकाणी साचत नाही. फीडर, म्हणजे पक्ष्यांसाठी दाणे ठेवायचं भांडं, टांगला की तेच पक्षी रोज त्याच चार दांड्यांवर खेटून बसतात, त्याच भोकांत चोची घालतात आणि खाली पडलेलं पुन्हा टिपतात. त्यांतला एक आजारी असला तरी तेवढं पुरतं. ब्रिटनमध्ये 2005 पासून ग्रीनफिंच या छोट्या पक्ष्याची संख्या ढासळली, ती ट्रायकोमोनास या घशातल्या परजीवीमुळे. अमेरिकेत 1994 च्या सुरुवातीला हाऊस फिंच या छोट्या पक्ष्याचे डोळे सुजू लागले, तेव्हा कोंबड्यांमध्ये आधीपासून माहीत असलेला मायकोप्लाझ्मा हा जिवाणू त्यांच्यात शिरला होता. दोन्ही साथी पसरायला फीडरवरच्या गर्दीचा हातभार लागला. म्हणून फीडर लावायचा तर त्याची स्वच्छता हे त्या कामाचंच अंग धरायला हवं.

फीडर काठोकाठ भरून ठेवणं

सगळ्यात जास्त नुकसान याच चुकीने होतं, आणि ती होते मायेपोटी. फीडर रिकामा दिसला की पक्षी उपाशी राहतील असं वाटतं. प्रत्यक्षात रानपक्षी एकाच जागेवर अवलंबून नसतात, त्यांचा बराचसा आहार ते इतरत्रच मिळवतात. एका दिवसात संपेल इतकेच दाणे घाला. संध्याकाळी फीडर रिकामा झाला तर मात्रा बरोबर आहे. उरत असेल तर दुसऱ्या दिवशी कमी घाला.

जुन्या दाण्यांवर नवे ओतणं हीही तीच चूक. नळीच्या फीडरमध्ये सगळ्यात खालच्या भोकाच्या खालचे दाणे पक्ष्यांना मिळतच नाहीत. तिथे पावसाचं पाणी आणि दमट हवा साचते, दाण्यांचा गोळा होतो आणि बुरशी धरते. ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू पक्ष्याच्या फुप्फुसात गेले की रानपक्ष्यावर उपचार करणं जवळपास अशक्य असतं. म्हणून आधी तळ रिकामा करा, मगच भरा. गोळा झालेले किंवा कुबट वास येणारे दाणे वाळवून पुन्हा वापरू नका, फेकून द्या.

सपाट ताटलीत दाणे टाकणं

ताटलीत पक्षी अन्नातच उभा राहतो आणि तिथेच विष्ठा टाकतो. साल्मोनेला हा जिवाणू पसरायला याहून सोपी वाट नाही. कबुतरं आणि होले ताटलीवर जास्त येतात, आणि त्यांच्यातले अनेक पक्षी स्वतः धडधाकट दिसत असूनही घशात ट्रायकोमोनास बाळगून असतात. त्यांनी चोचीत घेऊन टाकलेला ओला दाणा दुसऱ्या पक्ष्याने उचलला की परजीवी त्याच्याकडे जातो. ताटलीऐवजी नळीचा किंवा जाळीचा फीडर वापरा. ताटलीच हवी असेल तर तळाला जाळी किंवा निचऱ्याची भोकं असलेली घ्या आणि ती रोज घासा.

घाणीवरच जंतुनाशक फवारणं

विष्ठा आणि दाण्यांचा चिकट थर ब्लीचची ताकद खाऊन टाकतो. वरून फवारलं तर वास येतो, पण थराखालचे जंतू तसेच राहतात. म्हणून क्रम महत्त्वाचा:

1. फीडर पूर्ण रिकामा करून सगळे भाग सुटे करा.
2. गरम पाणी आणि भांड्याच्या साबणाने घासा. भोकांच्या कडा आणि बसायच्या दांड्या बाटलीच्या ब्रशने घासा. डोळ्यांचा आजार झालेला पक्षी नेमका याच कडांना डोळे घासतो.
3. 1 भाग घरगुती ब्लीच आणि 9 भाग पाणी, म्हणजे 100 मिली ब्लीचला 900 मिली पाणी, असं द्रावण करून त्यात सगळे भाग किमान 10 मिनिटं पूर्ण बुडवून ठेवा. द्रावण दर वेळी ताजं करा.
4. वाहत्या पाण्याखाली वास जाईपर्यंत धुवा.
5. पूर्ण कोरडा होईपर्यंत वाळवा, आतली बाजूसुद्धा.

पाचवी पायरी सर्रास वगळली जाते. ट्रायकोमोनासला ओल लागते, कोरड्या पृष्ठभागावर तो टिकत नाही. ओल्या फीडरमध्ये दाणे भरले तर बुरशीलाही आयती जागा मिळते. एक फीडर वाळत असताना लावायला दुसरा असला की घाई होत नाही.

ब्लीचमध्ये व्हिनेगर, संडास साफ करायचं ॲसिड किंवा अमोनिया असलेलं काहीही कधीच मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. हे काम हातमोजे घालून घराबाहेर करा. स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये करू नका, कारण साल्मोनेला माणसांनाही होतो. ब्रश आणि बादली वेगळी ठेवा. एरवी दोन आठवड्यांतून एकदा धुणं पुरतं. पावसाळी हवा किंवा खूप गर्दी असेल तर आठवड्याला. लाकूड द्रव शोषून घेतं आणि फटींत घाण धरतं, त्यामुळे प्लास्टिक, काच किंवा धातूचा फीडर बरा.

फीडरखालची जमीन विसरणं

फीडर चकचकीत, पण खाली टरफलं, विष्ठा आणि भिजलेले दाणे यांचा थर, असं नेहमी दिसतं. जमिनीवर टिपणारे पक्षी तिथेच खातात. हा कचरा दर दोन-तीन दिवसांनी झाडून बंद पिशवीत टाका. फीडरची जागाही अधूनमधून बदला.

पाण्याकडे दुर्लक्ष

पाणी रोज ओतून टाका, भांडं घासा, मग ताजं भरा. नुसतं वरून भरल्याने लाळ आणि विष्ठा आतच राहते. भांडं फीडरच्या खाली कधीच ठेवू नका.

आजारी पक्षी दिसूनही दाणे चालू ठेवणं

पिसं फुगवून एकटा बसलेला, माणूस हातभर अंतरावर आला तरी न उडणारा पक्षी धीट झाला असं वाटतं. तो बहुतेक वेळा आजारी असतो, आणि उडायची ताकद नसल्यामुळे फीडरवरच तासन् तास बसून राहतो. लक्षणांवरून थोडा अंदाज बांधता येतो. डोळे सुजलेले, चिकट असतील तर मायकोप्लाझ्मा. गिळता येत नाही, चोचीभोवतीची पिसं ओली आहेत आणि दाणा तोंडातून पडतो, तर ट्रायकोमोनास. पिसं नसलेल्या भागावर चामखिळीसारख्या गाठी असतील तर पॉक्स हा विषाणूचा आजार. नुसता फुगलेला, मरगळलेला असेल तर साल्मोनेला असू शकतो.

निदान काहीही असो, कृती एकच: सगळे फीडर आणि पाण्याची भांडी त्याच दिवशी उतरवा, धुवा आणि किमान दोन आठवडे लावू नका. फक्त एक फीडर काढला तर गर्दी दुसऱ्यावर वाढते. शेजारी फीडर असतील तर त्यांनाही सांगा. पाण्यात प्रतिजैविकं घालू नका: कोण किती प्यायला ते कळत नाही, निरोगी पक्ष्यांनाही औषध जातं आणि जंतू औषधाला दाद देईनासे होतात. दोन आठवड्यांनी सुरुवात एकाच फीडरने, निम्म्या दाण्यांनी करा. पुन्हा आजारी पक्षी दिसला तर पुन्हा उतरवा.

मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नका. पिशवी हातावर उलटी चढवून त्याला धरा, पिशवी सुलटी करून बंद करा आणि हात साबणाने धुवा. मांजर तिथे फिरत असेल तर तिला लांब ठेवा. एकाच वेळी अनेक पक्षी मेलेले आढळले तर काहीही न हलवता स्थानिक वन किंवा पशुवैद्यकीय विभागाला कळवा, कारण बर्ड फ्लूची शक्यता तपासावी लागते. घरी कोंबड्या पाळत असाल तर खुराड्याजवळ फीडर लावूच नका.