फुकटच्या वायफायवर एचटीटीपीएसची सक्ती: काय झाकलं जातं, काय उघडं राहतं

एचटीटीपीएस म्हणजे ब्राउझर आणि साइट यांच्यातली कूटबद्ध जोडणी; साध्या एचटीटीपीत सगळं उघडं जातं. ब्राउझरमध्ये साइट्स एचटीटीपीएसवरच उघडायला लावणारं ‘एचटीटीपीएस एव्हरीव्हेअर’ हे एक्स्टेंशन अजून असेल तर आधी ते काढा. ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने २०१० साली आणलेलं हे एक्स्टेंशन जानेवारी २०२३ मध्ये बंद झालं. आता ते काम ब्राउझरच करतो. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, मग ‘सिक्युरिटी’ आणि तिथं ‘ऑलवेज यूज सिक्युअर कनेक्शन्स’ चालू करा. फायरफॉक्समध्ये ‘एचटीटीपीएस-ओन्ली मोड’ शोधा आणि तो सगळ्या विंडोजना लावा.

याची गरज पहिल्या क्षणाला असते. साध्या एचटीटीपीची जुनी लिंक दाबली की पहिली विनंती उघडी जाते. त्याच वायफायवर बसलेला माणूस ती मध्येच अडवून तुम्हाला शेवटपर्यंत एचटीटीपीवरच ठेवू शकतो. एसएसएलस्ट्रिप या साधनाने २००९ मध्येच हे दाखवून दिलं. पान हुबेहूब तेच दिसतं, फक्त पत्त्यातला ‘एस’ नसतो. सक्ती चालू असेल तर ब्राउझर इथं थांबून इशारा देतो. तो ओलांडून पुढं गेलात की संरक्षण संपलं.

नाशिकरोड स्टेशनवर किंवा कॉलेज रोडच्या कॅफेत वायफायचं लॉगिन पानच उघडत नाही, म्हणून लोक सेटिंग बंद करून टाकतात. तसं करू नका. हे पान दाखवायला नेटवर्कला तुमची एखादी साधी एचटीटीपी विनंती अडवावी लागते. एचटीटीपीएसची अडवली तर प्रमाणपत्राची, म्हणजे साइटची ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्याची, चूक दिसते. ‘नेव्हरएसएसएल डॉट कॉम’ ही मुद्दाम साध्या एचटीटीपीवर ठेवलेली साइट उघडा, इशारा आला तर तेवढ्यापुरता पुढं जा, लॉगिन करा. तिथं बँकेचा किंवा ईमेलचा पासवर्ड मागितला तर मात्र टॅब बंद करा.

आता मर्यादा. तुम्ही कोणत्या साइटवर गेलात हे वायफायवाल्याला बहुतेक वेळा कळतं, कारण साइटचं नाव डीएनएसमधून (नावावरून साइटचा आकडी पत्ता शोधणारी यंत्रणा) आणि जोडणीच्या सुरुवातीला उघडं जातं. फोनमधल्या इतर अ‍ॅप्सना ब्राउझरची सक्ती लागू होत नाही. सगळ्यात मोठी फसगत खोट्या साइटची. घरपट्टी भरायची म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली लिंक एचटीटीपीएसची असू शकते. प्रमाणपत्र फुकट मिळतं आणि ते फक्त वेबपत्त्याची खात्री देतं, माणसाची नाही. महापालिकेच्या साइटचा पत्ता स्वतः टाइप करा.

आणि प्रत्येकच साइटवर प्रमाणपत्राची चूक येत असेल, तर आधी लॅपटॉपची तारीख बघा. लॅपटॉपच्या आतल्या मदरबोर्डावरचा, घड्याळ चालवणारा छोटा सेल संपला की ती मागं जाते आणि चांगली प्रमाणपत्रंही ब्राउझर नाकारतो.