खरपुडी धोक्यात आहे का, हे कसं ठरवायचं

आमच्या सोलापूरकडं माळावरच्या कुठल्याही कंदवेलीबद्दल विचारा, ‘आधी लई होती, आता दिसंना झाली’ हे उत्तर ठरलेलं. ते बऱ्याचदा खरंही असतं, पण तेवढ्यावर कुठलं खातं हलत नाही. कुठं होती, कुठं उरली, किती उरली आणि कशामुळं चालली, हे कागदावर आणता आलं पाहिजे. मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि पावसाळ्यात मुलांकडून हेच करून घेते. उदाहरणाला खरपुडी घेते. कुणी तिला हामण म्हणतं, शास्त्रीय नाव सेरोपेजिया बल्बोसा.

आधी ओळख पक्की करा. बोरीच्या नाहीतर हेंकळीच्या काट्यात शिरलेली बारीक वेल, जाडसर पानं. फूल इंचभराचं: बुडाशी फुगीर, मध्ये नळी, वर पाच पाकळ्यांची टोकं एकमेकांना चिकटून झालेला छोटा पिंजरा. नळीच्या आतले केस खाली वळलेले असतात. चिलटाएवढी माशी आत घसरते, केस सुकेपर्यंत अडकते आणि सुटताना पराग घेऊन जाते. हे जमून आलं तर बारीक लांब शेंगांची जोडी धरते आणि आतलं बी म्हातारीसारखं उडतं. म्हणून फुलांबरोबर शेंगाही नोंदवा. फुलं भरपूर आणि शेंग एकही नाही, अशी वेल पुढची पिढी देत नाही.

मग जुन्या नोंदी. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचा आणि आघारकर संशोधन संस्थेचा वनस्पतिसंग्रह आहे. तिथल्या वाळवलेल्या नमुन्यांवर गाव, तारीख, कधी ‘विपुल’ असा शेराही असतो. ती गावं नकाशावर मांडा, पहिली फेरी तिकडंच करा. वाटेत मेंढरं राखणारे मामा भेटले की थांबा. कंद खाल्लेल्या माणसाला वेल कुठं उगवते हे पक्कं ठाऊक असतं. ‘शेवटची कधी खाल्ली, कुठल्या माळावर?’ एवढं विचारा आणि सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा.

हंगाम चुकवू नका. वर्षातले बरेच महिने ही वेल म्हणजे जमिनीतला नुसता कंद. आपल्याकडं पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि त्यातला सगळ्यात जोरकस सप्टेंबरात. तेव्हा ऑगस्टअखेर ते सप्टेंबर हेच दिवस. मे महिन्यात माळ पालथा घालून ‘आढळली नाही’ लिहिलं, तर त्या ओळीला काडीची किंमत नाही.

नकाशावर दोन किलोमीटर बाय दोन किलोमीटरचे चौकोन आखा, म्हणजे एक चौकोन चार चौरस किलोमीटर. वेल सापडली तो चौकोन भरा. शोधून सापडली नाही तोही वेगळ्या खुणेनं भरा, किती वेळ आणि किती जणांनी शोधलं हे लिहून. मोजताना फुलाला किंवा शेंगेला आलेल्या वेलीच धरा, कोवळे कोंब वेगळ्या रकान्यात. कंद उकरून बघायचा नाही. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात जायचं असेल तर वनखात्याची परवानगी आधी.

आता निकष. आययूसीएन म्हणजे निसर्गसंवर्धनाची आंतरराष्ट्रीय संघटना, तिच्या निकषांची 2001 ची 3.1 आवृत्ती वापरतात. त्यात पाच निकष आहेत, आपल्याला बहुतेक वेळा क्षेत्राचा, म्हणजे बी निकष लागू पडतो. समजा, नऊ चौकोन भरले. वसतिक्षेत्र झालं 36 चौरस किलोमीटर. मर्यादा अशा: 10 च्या खाली अतिसंकटग्रस्त, 500 च्या खाली संकटग्रस्त, 2000 च्या खाली असुरक्षित. पण 36 आलं म्हणून लगेच ‘संकटग्रस्त’ लिहायचं नाही. तीनपैकी दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: वेलीच्या वस्तीचे तुकडे पडलेत किंवा पाचापेक्षा जास्त स्थळं नाहीत, घट चालू आहे, संख्येत टोकाचे चढउतार होतात.

यातलं ‘स्थळ’ मन लावून समजून घ्या. स्थळ म्हणजे गाव नव्हे. एका संकटानं जेवढ्या वेली एका फटक्यात जातील, तेवढा टापू म्हणजे एक स्थळ. तीन गावांच्या सलग माळावर एकाच लेआउटचे प्लॉट पडणार असतील, तर ते एकच स्थळ. म्हणून प्रत्येक चौकोनात डोळ्यांनी दिसलेलं संकट लिहा: मुरूम उपसा, जेसीबीनं मोडलेला माळ, ग्लिरिसिडिया या झाडाची लागवड, वेड्या बाभळीचं रान, उकरलेल्या कंदाचा खड्डा. माळाला पडीक म्हणून त्यावर झाडं लावणं मला फार लागतं. गवताळ माळ हीच इथली पूर्ण वाढलेली निसर्गव्यवस्था आहे.

जिल्ह्यापुरता निकाल जगाला लावू नका. खरपुडी राजस्थान-गुजरातेतही आहे. शेजारच्या धाराशिव किंवा विजयपुराकडून बी येत असेल, तर जिल्ह्यातला धोका एक पायरी कमी धरावा लागतो. क्रायनम सोलापुरेन्स या कंदफुलाचं तसं नाही. त्याची ओळखच या जिल्ह्यातून जगाला झाली, त्याच्या बाबतीत इथली प्रत्येक नोंद फार मोलाची. आणि पुरावा तोकडा असेल तर ‘अपुरी माहिती’ हीसुद्धा अधिकृत श्रेणी आहे, ती लिहायला लाजू नका.

अचूक अक्षांश-रेखांश समाजमाध्यमांवर टाकू नका, हौशी लोक कंद उपटून नेतात. पूर्ण नोंद जाणकार वर्गीकरणतज्ज्ञाकडून तपासून घ्या. मग ती गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडं द्या, लोकजैवविविधता नोंदवहीत चढवायला सांगा आणि पोच घ्या. माळाच्या जागेचा विषय ग्रामसभेत निघेल त्या दिवशी ती पोच जवळ असू द्या.