काळीला हात लावायच्या आधी

खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत मी चौथीला शिकवते. "प्राण्यांवर दया करा" हे पोरं सुंदर अक्षरात उतरवून घेत, आणि सुट्टीत शाळेमागच्या काळी कुत्रीला दगड मारत. एकदा जवळ बसवून विचारलं, तर म्हणाली, "चावंल की बाई!" तेव्हापासून मी भीतीपासून सुरुवात करते.

पहिला आठवडा कुणी हात लावायचा नाही. बिसिऊट, म्हणजे शाळेतलं दुपारचं जेवण, झालं की वही घेऊन पायरीवर बसायचं आणि काळी काय करते ते लिहायचं. शेपूट पायात घातलं, कान मागं गेले, उगाच ओठ चाटले, डोळ्यांचं पांढरं दिसलं, तर तिला आपण नको आहोत. शेपूट हलतंय म्हणजे कुत्रं खूश, ही समजूत काढायला वेळ द्या. ताठ, उंच धरलेलं शेपूटही हलतं, आणि ती ताकीद असते. एका मुलीनं लिहिलं, "मी वाकले की काळी मान फिरवते. मी खाली बसले की येते." ते पान मी सगळ्या वर्गाला वाचून दाखवलं.

मग जवळ जाणं. बाजूला बसायचं, कुत्र्याला आपणहून येऊ द्यायचं, डोक्याऐवजी छातीवरून हात फिरवायचा. जेवणारं, झोपलेलं, पिलांजवळचं कुत्रं असेल तर लांबच राहायचं. अंगावर आलं तर पळू नये, हात अंगाशी धरून खांबासारखं उभं राहावं.

चावल्यावर काय करायचं ते करूनच घ्या. जखमेवर चुना, हळद, तिखट लावणारे लोक अजून आहेत. मी हातावर शाईची रेघ ओढून एकेकाला नळाखाली उभं करते: साबण, वाहतं पाणी, पूर्ण 15 मिनिटं. वर्ग 2 ते 30 पाढे म्हणतो, तेव्हा कुठं तेवढा वेळ भरतो. मग घरी सांगायचं आणि त्याच दिवशी दवाखाना, नुसता ओरखडा असला तरी. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस वाचत नाही, हे मुलांना सरळ सांगावं.

दिवाळीच्या सुमाराला कुणीतरी दप्तरातून पिल्लू आणतंच. 8 आठवड्यांच्या आत ते आईपासून तोडू नये. गाईच्या दुधानं पिलाला बऱ्याचदा हगवण लागते. कांदा, लसूण, द्राक्षं, चॉकलेट कुत्र्याला बाधतात, म्हणून उरलेला सांबार-भातही घालू नये. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस, पुढं डॉक्टर सांगतील तशी.

पिल्लू पाहिजे म्हणणाऱ्याला मी कागद देते: पाणी रोज कोण बदलणार? लशीला कोण नेणार? गणपतीत आजोळी गेलात तर ते कुणाकडं? खाली आईची सही. गेल्या वर्षी तिघांनी कागद नेला, एकानं सही आणली. उरलेली दोन पिल्लं आम्ही काळीजवळच ठेवली.