जुन्या तलवारीचा बाक कसा मोजावा आणि त्यावरून काय ओळखावे

खंडेनवमीला नाशिकच्या जुन्या वाड्यांत पूजेसाठी बाहेर काढलेली तलवार बहुधा बाकदार असते, पण तो बाक किती आहे हे क्वचितच कोणी मोजलेले असते. शिवणाचा दोरा आणि साधी पट्टी एवढ्यावर ते काम होते.

तलवार जमिनीवर आडवी ठेवावी आणि पाठीच्या बाजूने परजेपासून (मूठ संपून पाते सुरू होते तिथल्या आडव्या भागापासून) टोकापर्यंत दोरा ताणून धरावा. दोऱ्याची लांबी आणि दोरा व पाठ यांमधील सर्वांत मोठे अंतर, अशी दोनच मापे घ्यायची. समजा, ती ७५ आणि ६ सेंटिमीटर आली. लांबीच्या वर्गाला अंतराच्या आठपटीने भागून त्यात अंतराचे निम्मे मिळवले की बाक ज्या वर्तुळाचा तुकडा आहे त्याची त्रिज्या सुमारे १२० सेंटिमीटर निघते. पुष्कळ पाती मुठीजवळ जवळपास सरळ असून पुढे वळतात. म्हणून सर्वांत मोठे अंतर कोठे पडले, तेही टिपून ठेवावे.

या मापांच्या पात्याची टोकाजवळची धार लक्ष्याला सुमारे १८ अंशांनी तिरपी भिडते. बाकदार पाते चांगले कापते ते या तिरपेपणामुळे, असे सांगितले जाते. तिरप्या छेदात धारेची पाचर, म्हणजे तिच्या दोन बाजूंमधला कोन, निमुळती होते हे खरे, पण एवढ्या तिरपेपणाने २० अंशांची धार जेमतेम १९ अंशांची होते. बाकाचे सारे श्रेय या हिशेबाला देणे मला पटत नाही. खरे काम धार ओढली जाण्याने होते. विळीवर टोमॅटो नुसता दाबला तर चिरडतो, पात्यावरून ओढला तर चिरला जातो, आणि बाकदार पाते वार करतानाच ही ओढ आपसूक देते. घोडा पुढे निघून जात असताना पाते अडकून न राहता कापत सुटते, तेही त्यामुळेच. मुठीमागची गोल तबकडी मनगटाला फार वळू देत नाही, त्यामुळे वार खांद्यातून ओढावा लागतो. म्हणून बाकाबरोबर मूठही पाहावी.

भोसकण्यात मात्र बाक आड येतो, कारण टोक हाताच्या रेषेत राहत नाही. ब्रिटिशांच्या हलक्या घोडदळाची १७९६ ची तलवार चांगलीच बाकदार होती, तर १९०८ ची घोडदळाची तलवार भोसकण्यासाठीच सरळ केली गेली. आपल्याकडे लांब, सरळ पात्याची धोप होती, आणि दांडपट्ट्याचे पातेही सरळच असे. दोऱ्याखालचे अंतर जवळपास शून्य आले, तर घरातले शस्त्र त्या जातीचे असू शकते.

धार आजमावण्यासाठी जुने पाते कशावरही चालवू नये. आतली चीर बाहेरून दिसत नाही.