वाईच्या गच्चीवरून पाऊस वाचताना

हवामानाचा नाद नव्याने लागलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: कुठलं ॲप चांगलं? मी सांगतो, आधी पर्जन्यमापक घ्या आणि एक वही. बऱ्याच जणांचा चेहरा पडतो.

मी वाईचा. इथून महाबळेश्वर तीसेक किलोमीटर. तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आमच्याकडे त्याच्या पाव हिस्साही नाही. अरबी समुद्रावरचं बाष्प सह्याद्री चढताना थंड होऊन तिकडेच रितं होतं. घाट उतरलेली हवा पुन्हा तापते, ढग विरतात. 'पर्जन्यछाया' शाळेत पाठ केली होती. पण जुलैत महाबळेश्वरच्या वाटेवर पसरणीच्या घाटात मध्येच वायपर लावावा लागतो, तेव्हा ती कळते.

पहिल्या वर्षी मी मापक गच्चीच्या कठड्याला खेटून ठेवला. वारा कठड्यावर आदळून थेंब पलीकडे उडवायचा. दीड महिन्याच्या नोंदी बाद! मापक उघड्यावर हवा, भिंत किंवा झाड जितकं उंच त्याच्या निदान दुप्पट लांब. आणि वाचायचा रोज सकाळी साडेआठला. हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो; वेळ चुकली की तुमचे आकडे त्यांच्याशी जुळायचे नाहीत.

खरी शाळा मात्र वळवाची. एप्रिल-मेत सकाळपासून घामाच्या धारा लागल्या की मी दुपारी गच्चीवर असतो. डोंगरामागून ढग वर येतो, कडा फुलकोबीसारख्या रेखीव. म्हणजे तो अजून वाढतोय. माथा पिंजलेल्या कापसासारखा विस्कटला की समजायचं, वर बर्फ तयार झाला. मग ऐरणीसारखा पसरतो, आणि एकदम गार वारा सुटतो. पावसाबरोबर खाली आलेली थंड हवा जमिनीवर आपटून पुढे धावते, तोच हा वारा. दोरीवरचे कपडे काढायला तेवढाच वेळ मिळतो.

वीज दिसल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा, तिनाने भागा. साधारण तितके किलोमीटर. पण हे गणित घरात बसून करायचं. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोहोचू शकते. फोटोचा मोह सोडा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं विजेचा इशारा देणारं 'दामिनी' तेवढं मोबाइलवर असू द्या. हे एक ॲप मीही सुचवतो.

रडारची चित्रं नंतर. मुंबईचं रडार इथून दीडशेक किलोमीटर. पृथ्वीच्या गोलाईमुळे त्याचा किरण आमच्यापर्यंत येतो तो अडीचेक किलोमीटर उंचीवर. घाटातले बुटके पावसाळी ढग त्याच्या खालून निसटतात. चित्र कोरडं, मी ओलाचिंब. उलटही होतं: चित्रात पावसाचा हिरवा पट्टा, पण थेंब वाटेतच सुकलेले.

चक्रीवादळाच्या नकाशाने तर मला पार उघडं पाडलं. ३ जून २०२० ला 'निसर्ग' श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं. नकाशातल्या रेषेवर बोट ठेवून मी पुण्यातल्या बहिणीला म्हटलं, "तुझ्याकडे काही नाही गं." रेषा वादळाच्या केंद्राची असते, वारा तिच्या दोन्ही बाजूंना दूरवर पसरलेला असतो, हे मला वाचून माहीत होतं. त्या दिवशी पुण्यातही झाडं पडली. त्यातला एक गुलमोहर तिच्या गाडीवर. आजही पावसाचं विचारायला फोन केला की ती आधी गुलमोहराचं नाव काढते.